पट्टेरी कोंबडीच्या तलंगा काळ्या का?

प्रश्न : माझ्याकडील सहा बार्ड प्लायमाउथ रॉक कोंबड्या अंगभर काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांच्या आहेत. त्यांना तांबडा ऱ्होड आयलंड रेड कोंबडा लावला. सगळे नर पट्टेरी निघाले, तलंगा मात्र एकजात काळ्या. मला विकलेल्या कोंबड्या भेसळीच्या होत्या का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मुळीच नाही. जातिवंत जोडीकडून असेच रंग अपेक्षित असतात, तेव्हा विकणाऱ्याविषयीचा संशय मनातून काढून टाकावा. माणसात मुलगा की मुलगी हे वडिलांकडून ठरते, कोंबड्यांत ते आईकडून ठरते. कोंबड्याजवळ ‘झेड’ ही दोन गुणसूत्रे असतात, तर कोंबडीजवळ एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. पट्ट्यांचे जनुक ‘झेड’वर असते, आणि आईचे ते एकुलते एक ‘झेड’ फक्त नर पिल्लाकडे जाते. तलंगेला आईकडून ‘डब्ल्यू’ मिळते आणि ‘झेड’ मिळते ते बापाचे, म्हणजे बिनपट्ट्याचे. अमेरिकेतील डब्ल्यू. जे. स्पिलमन यांनी १९०८ मध्येच हा उलगडा मांडला होता.

मग काळा रंग कुठून आला? तोही आईचाच. पट्टेरी कोंबडीचे एक पीस हातात घेऊन पाहा : ते मुळात काळेच असते, फक्त वाढताना त्यात रंग थांबून थांबून उतरतो. काळ्याचे जनुक ‘झेड’वर नसल्याने ते मुलामुलींना सारखेच मिळते आणि तांबड्यावर मात करते. तलंगांच्या मानेवर थोडी तांबूस झाक दिसली, तरी काळजी नसावी.

या जोडीचा खरा लाभ पहिल्याच दिवशी मिळतो. पिल्लू सुकल्यावर तळहातावर घेऊन डोके पाहावे. काळ्या लवेत पांढरा ठिपका असेल तर नर, डोके संपूर्ण काळे असेल तर मादी. जोडी उलटी लावली, म्हणजे शुद्ध पट्टेरी कोंबडा आणि तांबड्या कोंबड्या ठेवल्या, तर नर-मादी सगळीच पट्टेरी होतील आणि ही ओळख हातची जाईल. पांढरा लेगहॉर्न कोंबडा तर लावूच नये, कारण त्याचा पांढरा रंग बाकीचे रंग झाकून टाकतो.

या संकरित पिल्लांची आपसात पैदास मात्र करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यांच्या पुढच्या पिढीत साधारण निम्मे नर आणि निम्म्या माद्या पट्ट्यांचे जनुक घेऊन येतात, शिवाय चारात एखादे पिल्लू तांबूस निघते, त्यामुळे ठिपक्यावरून नर-मादी ओळखता येत नाही. मूळ सहा कोंबड्या सांभाळाव्यात आणि दर खेपेला त्यांनाच शुद्ध तांबडा कोंबडा लावावा.