पहाटे पाचचा मिक्सर

सांगली जिल्ह्यातल्या एका लेकीचं पत्र आलंय. नवऱ्याला गालाचा कॅन्सर, मावा खाऊन खाऊन झालेला. परळला टाटात ऑपरेशन झालं, आता पुढच्या आठवड्यापासून सहा आठवडे रोज रेडिएशन. मुक्काम कल्याणला चुलतदिराच्या वन रूम किचनमध्ये. नाकातल्या नळीतून पातळ करून घालावं लागतं म्हणून ही पहाटे पाचला मिक्सर लावते, जाऊबाई काही बोलत नाहीत, फक्त कूस बदलतात. पाटल्या गहाण पडल्यात. बारा वर्षांचा पोरगा आजोळी, त्याला सांगितलंय बाबा मुंबईला कामाला गेलेत. शेवटी लिहिते, "मावशी, कुणापुढे हात पसरायची सवय नाही ओ. आणि ह्यांचा इतका राग येतो की रात्री पाठ करून झोपते. मी वाईट आहे का?"

अगं वाईट कसली! दहा वर्षं सांगून सांगून तोंड दुखलं तुझं, त्याने पुडी सोडली नाही आणि आता निस्तरतेयस तू, राग नाही येणार तर काय येणार. २०१२ ला राज्यात गुटखाबंदी आली तरी टपरीवर काय मिळत नाही ते सांग. राग येऊ दे, फक्त नळीतून घालताना त्याच्यावर काढू नकोस, त्याला धड बोलताही येत नसेल आत्ता. तिथे मुंबईत कॅन्सर पेशंटसाठी व्ही केअर म्हणून संस्था आहे, वंदना गुप्ता यांनी स्वतःच्या कॅन्सरनंतर १९९४ ला काढलेली, त्यांच्यात कॅन्सरमधून उठलेली माणसंही आहेत. त्यांच्यापाशी हे सगळं ओक. त्यांना नवीन नाही ते.

आता हात पसरण्याचं. माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी आम्ही सोशल वर्करच्या दारातून तीन दिवस परत आलो, का तर रांगेतली माणसं आमच्यापेक्षा गरीब दिसत होती. शुद्ध मूर्खपणा. साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत फाईल घेऊन नुसतं उभं राहायचं आणि घरी येऊन व्याजाने पैसे काढायचे! तू तसं करू नकोस. फाईल, रेशन कार्ड, दोघांची आधार कार्डं घे आणि मेडिकल सोशल वर्करला सरळ सांग, की पाटल्या गहाण आहेत, राहायला जागा नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विचार, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, आणि हे रेडिएशनचे पैसे भरायच्या आधी विचार बाई, कारण योजना कॅशलेस आहे, आधी भरून मागनं मागायला गेलीस तर फार अवघड होतं.

राहायचं म्हणशील तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दोन्हीकडे बाहेरगावचे पेशंट आणि त्यांचं माणूस राहतं. लगेच खोली मिळेलच असं नाही, पण नंबर तर लाव. तोवर कल्याणहून येताना अपंगांच्या डब्यात चढा, कॅन्सर पेशंटला तिथे परवानगी आहे, कागद जवळ ठेव म्हणजे कुणी हटकलं तर दाखवता येईल.

आणि एक प्रश्न डॉक्टरांना विचारच, हे रेडिएशन मिरजेला किंवा कोल्हापूरला घेतलं तर चालेल का? तिकडेही मशीनं आहेत. ते नाही म्हणाले तर त्यांचं काही कारण असेल, पण हो म्हणाले तर सहा आठवडे पोराजवळ राहशील. जाण्यायेण्याला रेल्वेचा सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलातूनच भरून घे, स्लीपरला पेशंटचं तिकीट माफ असतं आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट.

पोराला मात्र खरं सांग, आणि फोनवर तूच सांग. बारा वर्षांचं पोर आहे, शाळेत कुणीतरी सांगणारच, "तुझ्या बापाला कॅन्सर झालाय." ते तुझ्या तोंडून आधी कळू दे. नळी लावलेला फोटो एकदम पाठवू नकोस, आधी बोल.

जाऊबाईंचं राहिलं. त्या बोलत नाहीत म्हणजे वैतागल्यातच असं नाही, कदाचित त्यांनाही कळत नसेल काय बोलावं. उद्या सकाळी त्यांना म्हण, वहिनी, आज तेवढं तुम्ही गाळून द्या, मी नळी धुते. आणि खोली मिळून निघालीस तर साडीबिडी नेसवत बसू नकोस, मिक्सरचं नवं भांडं घेऊन दे त्यांना, जुन्याचं पातं तुझ्या भाकरी-वरणाने झिजलं असणार.