सिलिका जेल तडकतंय? ओव्हन नंतर, आधी पाणी बघा

एमएस्सी प्रोजेक्टसाठी एरोजेल (द्रव काढून हवा भरलेलं, छिद्राळ हलकं जेल) करताय; टीईओएसपासून (सिलिका देणारं एक द्रव रसायन) जेल छान जमतं, पण ओव्हनमध्ये ठेवलं की खडीसाखरेसारखे तुकडे होतात, आणि कॉलेजात सुपरक्रिटिकल ड्रायर (प्रचंड दाबाखाली जेल सुकवणारं यंत्र) नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझीही पहिली सात-आठ जेल अशीच गेली. मी ओव्हनचं तापमान कमी-जास्त करत बसलो होतो, चूक मात्र त्याआधीच झालेली असायची: जेलमध्ये पाणी राहिलेलं.

जेलमधल्या छिद्राची त्रिज्या १० नॅनोमीटर धरा. पाणी उडताना पृष्ठताणामुळे भिंतींवर हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळजवळ १४० पट ताण येतो. इथेनॉलला तो ४४ पटींच्या आसपास, हेक्झेनला आणखी कमी. एरोजेल पहिल्यांदा बनवणाऱ्या किस्लरने १९३१ साली पाण्याच्या जागी अल्कोहोल भरलं आणि ते क्रांतिक बिंदूपलीकडे (ज्या तापमान-दाबापुढे द्रव आणि वायू वेगळे राहत नाहीत) नेऊन सोडलं. तिथे द्रवाला पृष्ठभागच उरत नाही, मग ओढणार कोण?

पण म्हणून घरगुती प्रेशर व्हेसल बनवायच्या फंदात अजिबात पडू नका. १९८४ मध्ये स्वीडनमधल्या, याच पद्धतीने एरोजेल सुकवणाऱ्या एका प्लांटमध्ये मिथेनॉल गळून मोठा स्फोट झाला होता.

तुमच्यासाठी साध्या हवेच्या दाबावर सुकवायची पद्धत बरी. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ए. वेंकटेश्वर राव यांच्या गटाने यावर भरपूर काम केलंय, ते पेपर आधी वाचा. जेल बसल्यावर निदान एक दिवस अल्कोहोलखाली मुरू द्या. मग रोज ताजं इथेनॉल, चार-पाच दिवस. पाणी गेलं का, ते बघायला मोरचूद (कॉपर सल्फेट) भाजून पांढरं करा आणि काढलेल्या इथेनॉलचे थेंब त्यावर टाका. निळं झालं तर अजून थांबा. ही घाई मला सगळ्यात महाग पडली.

त्यानंतर हेक्झेन, मग हेक्झेनमध्ये टीएमसीएस (ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन). त्याने पृष्ठभागावरच्या ओएच गटांमधल्या हायड्रोजनच्या जागी मिथाइल असलेले सिलिकॉन गट बसतात, त्यामुळे आक्रसलेल्या भिंती एकमेकींना कायमच्या चिकटत नाहीत. हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, म्हणून फ्यूमहूडमध्येच (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) करा आणि बाटलीचं बूच घट्ट लावू नका. हेक्झेन पेट घेतं, तेव्हा आधी फ्यूमहूडमध्येच झाकणाला बारीक भोकं पाडून हळूहळू उडू द्या. ओव्हन सगळ्यात शेवटी.

वाळताना जेल आधी आक्रसेल, तेव्हा घाबरून काढू नका. मग एका कडेने दुधाळ पांढरं होत परत फुगायला लागेल. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा रात्रभर लॅबमधून हललो नव्हतो.

सध्या इथेनॉल किती वेळा बदलता आणि तुकड्याची जाडी किती आहे, तेवढं कळवा. एक सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर दिवस वाढवावे लागतील.