वाचकांचे प्रश्न: स्क्वॉड्रन, सुखोई आणि लोहगावच्या घारी

प्रश्न (धानोरी): मिग-२१ निवृत्त झाल्यावर हवाई दलाकडे २९च स्क्वॉड्रन उरल्याचं वाचलं. म्हणजे बाकीच्या कायमच्या बंद झाल्या का? आणि एका स्क्वॉड्रनमध्ये विमानं असतात तरी किती?

उत्तर: लढाऊ स्क्वॉड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या एका तुकडीत, साधारण १६ ते १८ विमानं धरतात. एक आसनी १६ आणि प्रशिक्षणासाठी दोन आसनी २, ही जुनी मांडणी. सुखोई-३० एमकेआय मुळातच दोन आसनी असल्याने तिथे हा भेद उरत नाही. पण ही सगळी विमानं रोज उड्डाणाला तयार असतात असं समजू नका. काही तपासणीत असतात, काही सुट्या भागांची वाट बघत हँगरमध्ये, तर काही मोठ्या दुरुस्तीसाठी नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीकडे गेलेली. ‘स्क्वॉड्रन गुणिले अठरा’ हा हिशेब कागदापुरताच.

स्क्वॉड्रनची मंजूर संख्या ४२ आहे. २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला मिग-२१ला निरोप दिला आणि आकडा २९वर आला. विमानं गेली की स्क्वॉड्रन ‘नंबरप्लेट’ करतात. माणसांच्या बदल्या होतात. क्रमांक, बोधचिन्ह आणि इतिहास मात्र जपून ठेवतात आणि नवी विमानं आली की त्याच क्रमांकाने स्क्वॉड्रन पुन्हा उभी राहते. १७ क्रमांकाची ‘गोल्डन ॲरोज’ मिग-२१ उडवायची. ती थांबवली आणि २०१९मध्ये राफेलसाठी अंबाल्यात परत उभी केली. मिग-२७वाली १८ क्रमांकाची ‘फ्लाइंग बुलेट्स’ २०१६मध्ये थांबली, २०२०मध्ये सुलूरला तेजस घेऊन परतली.

तेव्हा क्रमांकांची वानवा नाही, वानवा आहे विमानांची. ८३ तेजस मार्क-१एचा करार फेब्रुवारी २०२१चा. अमेरिकी एफ-४०४ इंजिनं उशिरा येत गेली आणि वेळापत्रक पुढे पुढे सरकलं. आमच्या मते ४२-२९ची वजाबाकी करत बसण्यापेक्षा इंजिनं वेळेवर येतात का, तिकडे लक्ष ठेवावं.

प्रश्न (विमाननगर): पुण्यात लोहगावच्या हवाई दल तळावरून विमान उडताना खिडक्यांची तावदानं थरथरतात. ध्वनीचा वेग ओलांडला जातो का? आणि ते सुखोईच आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर: नाही. तो आवाज आफ्टरबर्नरचा. टर्बाइनच्या मागे जास्तीचं इंधन फवारून पेटवतात, तेव्हा सुखोईच्या एकेका एएल-३१एफपी इंजिनाचा रेटा सुमारे साडेबारा टनांपर्यंत जातो; अशी इंजिनं दोन. त्या आवाजातल्या खालच्या कंपनांनी तावदानं हलतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. त्यात एप्रिल-मेच्या उन्हात हवा आणखी विरळ होते, त्यामुळे तेवढंच वजन उचलायला विमानाला धावपट्टीवर जास्त पळावं लागतं.

ओळखायचं तर शेपटीकडे बघा. दोन उभे पंख आणि दोन इंजिनांच्या मधोमध मागे आलेला लांब दांडा. उतरल्यावर वेग कमी करणारी छत्री (टेल शूट) त्यातूनच उघडते. कॉकपिटच्या मागच्या बाजूला छोटे पंखही दिसतील. मिग-२९लाही शेपटीवर दोन उभे पंख, पण पुढचे छोटे पंख नाहीत आणि लांबी साडेसतरा मीटरच्या आत. सुखोई जवळजवळ २२ मीटर. तेजस आणि मिराजला मागचे आडवे पंखच नसतात.

लोहगावचं सुखोईशी नातं जुनं आहे. १९९७मध्ये सुखोई-३०के इथेच २४ क्रमांकाच्या ‘हॉक्स’मध्ये आली आणि २७ सप्टेंबर २००२ला एमकेआय २० क्रमांकाच्या ‘लाइटनिंग्ज’मध्ये.

प्रश्न (टिंगरेनगर): विमानावरची ‘एसबी’ ही अक्षरं स्क्वॉड्रनची का?

उत्तर: नाही, विमानाच्या प्रकाराची. सुखोईला एसबी, तेजसला एलए, सी-१७ मालवाहूला सीबी. पुढचे आकडे त्या एका विमानाचे. स्क्वॉड्रन ओळखायची तर बोधचिन्ह बघावं लागतं.

प्रश्न (कळस): आमच्या सोसायटीला कचऱ्याबाबत वारंवार सूचना येतात. त्याचा विमानांशी काय संबंध?

उत्तर: थेट संबंध आहे. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला नियमाने बंदी आहे. मांस-मासळीच्या कचऱ्यावर घारी जमतात आणि ऊन चढलं की तापलेल्या हवेच्या झोतांवर घिरट्या घालत वर जातात, नेमक्या उतरणाऱ्या विमानांच्या वाटेवर. सुखोईच्या हवा घेणाऱ्या तोंडाशी जाळी असते, पण ती धावपट्टीवरचे खडे अडवण्यापुरती. हवेत ती मिटलेली असते. घार आत गेली की पुढची पाती वाकतात, तुटलेला तुकडा मागच्या पात्यांवर आदळतो आणि इंजिन बंद पडू शकतं.

मांसाचा कचरा वेगळा बांधून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि घंटागाडी येईल त्याच वेळी खाली आणा. आदल्या रात्री फाटकाबाहेर ठेवलेली पिशवी पहाटे कुत्री फोडतात. गच्चीवर घारींना मांस घालणारं कुणी असेल, तर ते आधी थांबवा.