निवडणुकीआधीची वर्षं

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

कॅलिफोर्नियाची स्टेट सुपरिंटेंडंट, म्हणजे राज्याच्या शिक्षण खात्याची निवडून आलेली प्रमुख व्हायचंय, असं तू आडपडदा न ठेवता लिहिलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. इथल्या आपल्या मराठी घरांत मुलीनं शाळामास्तरीण व्हावं असंही फारसं कुणाला वाटत नाही. निवडणुकीला उभं राहणं तर लांबच. तू जरूर उभी राहा. पण आधी ते पद नीट पारखून घे.

पुण्याच्या आजोबांना तू हे पद शिक्षणमंत्र्यासारखं म्हणून सांगितलंस. पण तिथे मंत्री कोण हे मुख्यमंत्री ठरवतात आणि तो मंत्रिमंडळात बसतो. इथे लोक थेट मत देतात, मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं, मुदत चार वर्षांची आणि जास्तीत जास्त दोनदा. साऱ्या राज्याची मतं मिळवून हाती काय येतं? बजेट गव्हर्नर आणि विधिमंडळाच्या हातात. धोरण राज्याच्या शिक्षण मंडळाचं, म्हणजे स्टेट बोर्डाचं, आणि बोर्डाचे सदस्य गव्हर्नर नेमतात. शिक्षकांची भरती सुमारे हजार स्कूल डिस्ट्रिक्टांकडे, म्हणजे गावोगावच्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांकडे. बोर्ड आणि सुपरिंटेंडंट बिल होनिग यांचा वाद कोर्टात गेला, तेव्हा १९९३ साली निकाल बोर्डाच्या बाजूनं लागला. सुपरिंटेंडंटकडे उरतं ते खातं चालवणं आणि राज्यभर ऐकू जाईल असा आवाज.

त्या आवाजाला वजन कुठून येतं, हे पाहायचं तर विल्सन राइल्स यांची कारकीर्द वाच. लुइझियानात जन्म, लहानपणीच आईवडील गेले. मास्तरकीची सुरुवात ॲरिझोनात, अपाची राखीव प्रदेशातल्या एकशिक्षकी शाळेत. १९६५ नंतर गरीब मुलांच्या शिक्षणासाठी वॉशिंग्टनहून जो पैसा येऊ लागला, त्याचं कॅलिफोर्नियातलं काम त्यांच्याकडे होतं. कुठल्या शाळेला किती मिळतं आणि त्यातलं मुलापर्यंत किती पोचतं, हे त्यांनी खात्यात बसून वर्षानुवर्षं पाहिलं होतं. १९७० मध्ये त्यांनी पदावर असलेल्या मॅक्स रॅफर्टींना हरवलं. कॅलिफोर्नियात राज्यव्यापी निवडणूक जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय. मग बालवाडी ते तिसरीसाठी त्यांनी कार्यक्रम आणला: शाळेनं स्वतःची योजना करायची, पालकांना त्यात बसवायचं, वर्गातही बोलवायचं. विधिमंडळानं त्याला पैसे दिले, कारण समोरचा माणूस हिशेब कोळून प्यायलेला होता, असं माझं ठाम मत आहे. बारा वर्षं ते पदावर राहिले. १९८२ ला होनिग यांच्याकडून हरले.

होनिग यांचंही वाचच. कामाचा माणूस. शाळांना राज्याच्या तिजोरीतला किमान वाटा राखून ठेवणाऱ्या १९८८ च्या प्रपोझिशन ९८ साठी, म्हणजे मतदारांपुढे आलेल्या प्रस्तावासाठी, ते झटले. पण खात्याच्या कंत्राटांतून पत्नीच्या संस्थेला लाभ झाल्याच्या प्रकरणात १९९३ मध्ये दोषी ठरले आणि पद गेलं. गुन्ह्याचं स्वरूप पुढे सौम्य झालं. गेलेलं पद परत आलं नाही. तुझा भाऊ शाळांना सॉफ्टवेअर विकतो. तू साध्या स्थानिक स्कूल बोर्डावर, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या मंडळावर गेलीस तरी पहिल्याच दिवशी हे लेखी जाहीर कर आणि त्याच्या सॉफ्टवेअरवर मतदान होताना खोलीबाहेर जा. कुणी विचारायची वाट पाहू नकोस.

पैशाचंही स्पष्टच सांगते. २०१८ च्या निवडणुकीत दोन्ही बाजूंचा मिळून ५ कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. एका बाजूला शिक्षक संघटना, दुसऱ्या बाजूला चार्टर शाळांचे, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनानं चालणाऱ्या शाळांचे पाठीराखे. तुला दोघंही चहाला बोलावतील. चार्टरबद्दल तुझं मत काय, ते त्याआधी स्वतःशी पक्कं कर. नाहीतर तुझं मत ते ठरवतील. ती निवडणूक जिंकणारे टोनी थर्मंड आधी रिचमंडच्या नगर परिषदेत, मग वेस्ट कॉन्ट्रा कोस्टाच्या स्कूल बोर्डावर आणि नंतर असेंब्लीत, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात होते. वाट अशी पायरीपायरीनं जाते.

म्हणून आत्ता स्कूल बोर्डाच्या बैठकांना जा. भाषण करायला नको, मागे बसून ऐकायला. एखादी आई दुभाष्याला घेऊन माइकपाशी येते, मुलाला दोन वर्षं इंग्रजीचा जादा तास मिळालेला नाही असं सांगू लागते, आणि वेळ संपल्याची घंटी वाजते. बोर्ड "थँक यू" म्हणून पुढचा विषय घेतं. त्या आईला बाहेर गाठ. शाळा कुठली, मूल कितवीत, सगळं लिहून घे. मग डिस्ट्रिक्टच्या वार्षिक योजनेत पाहा: २०१३ पासून इंग्रजी शिकणाऱ्या, गरीब आणि फॉस्टर घरांतल्या, म्हणजे सरकारनं दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवलेल्या मुलांमागे राज्य जादा पैसे देतं, ते इथे कुठल्या पगारात, कुठल्या करारात गेले? आकडे शेकडो पानांत विखुरलेले असतात. कंटाळा येईल, तरी सोडू नकोस. त्या आईचं उत्तर तिथेच सापडतं.

आणि चौथीचा वर्ग इतक्यात सोडू नकोस. आणखी काही वर्षं शिकव.

योजनेचा मसुदा जुलैच्या आत मंजूर व्हावा लागतो, त्यामुळे मे-जूनमध्ये जाहीर सुनावणी होते. तुझ्या डिस्ट्रिक्टचा मसुदा निघाला की मला पाठव, आणि ज्या रकमांचा अर्थ लागला नाही त्यांवर पेन्सिलीनं खुणा कर. मग एका रविवारी फोनवर बसून दोघी मिळून बघू.

तुझी,
मावशी