‘दहा टक्के कमी केलेत तर घेतो’

प्रश्न : एका गृहस्थांनी आपला वापरलेला कॅमेरा विकायचा म्हणून मेसेजवर भाव कळवला, ‘शुक्रवारपर्यंत सांगा’ म्हणाले. बुधवारी मी लिहिलं, ‘दहा टक्के कमी केलेत तर घेतो.’ त्यांनी नाही म्हटलं. गुरुवारी मी कळवलं, ‘बरं, तुमच्याच भावाने घेतो.’ मेसेज वाचला गेला, उत्तर नाही. शुक्रवारी समजलं की कॅमेरा दुसऱ्याला विकला. मी मुदत पाळली होती. दावा लावता येईल?

उत्तर : तुमचा संताप समजतो, पण तुम्ही सांगता तेवढ्यावर मी दावा लावायला सांगणार नाही.

घात केला तो बुधवारच्या ‘तर’ने. प्रस्ताव जसा आहे तसाच, विनाअट स्वीकारावा लागतो; भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 7 हेच सांगतं. भाव बदलून ‘घेतो’ म्हणालात, म्हणजे तुम्ही उलट प्रस्ताव दिलात आणि मूळचा तिथेच संपला. हाइड विरुद्ध रेंच या 1840 च्या इंग्लिश खटल्यात शेताची किंमत 1,000 पौंड सांगितली होती. घेणाऱ्याने 950 देऊ केले आणि नकार आल्यावर 1,000 ला राजी झाला. करार झालाच नाही, असा निकाल लागला. ‘काही कमी होईल का?’ एवढंच विचारलं असतंत, तर ती नुसती चौकशी ठरली असती आणि प्रस्ताव शाबूत राहिला असता. घासाघीस करताना हा फरक कोण लक्षात ठेवतो म्हणा!

म्हणून गुरुवारचा तुमचा होकार हा नवा प्रस्ताव ठरतो. त्यावर ते गप्प राहिले. मौन म्हणजे संमती हे घरात चालतं, करारात सहसा नाही. मुदतीचं म्हणाल, तर ती त्यांनी पाळावी म्हणून तुम्ही काही मोबदला दिला नव्हता. तुमचा होकार जाण्याआधी, तुम्हाला कळवून, ते केव्हाही माघार घेऊ शकत होते.

एक मात्र तपासा. त्यांनी ‘नाही’ नेमकं कोणत्या शब्दांत म्हटलं? ‘भाव कमी होणार नाही’ असं काही असेल, तर चित्र बदलू शकतं. कॅनडातल्या लिव्हिंगस्टोन विरुद्ध इव्हान्स (1925) या खटल्यात ‘किंमत कमी करता येणार नाही’ या उत्तराने मूळ प्रस्ताव पुन्हा उभा राहिला, असं कोर्टाने मानलं. आपल्या कोर्टावर तो निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला आधार होतो. तसं असेल तर गुरुवारी करार झाला असं म्हणता येईल आणि तसाच कॅमेरा घ्यायला जास्त मोजावे लागले, तर तो फरक मागता येईल. तोवर ते संभाषण फोनमधून पुसू नका; नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.