नागपूरहून आम्ही सहा मित्र मनाली-लेह सायकलने करणार आहोत. तयारी कशी करावी?

पायांची तयारी इथे होईल, विरळ हवेची होणार नाही, हे आधी सगळ्यांनी मान्य करा. आपलं नागपूर जेमतेम ३१० मीटरवर. या रस्त्यावरची ‘तांगलांग ला’ ही खिंड ५,३०० मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. रोज फुटाळ्याला चकरा मारणारा तगडा गडीही तिथे आजारी पडू शकतो, कारण फिटनेसचा आणि उंची बाधण्याचा फारसा संबंध नाही.

म्हणून खरी तयारी वेळापत्रकात आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. या रस्त्यावर ते दर वेळी जमत नाही, म्हणून जिस्पासारख्या ठिकाणी एक दिवस जास्तीचा ठेवाच. उंची बाधू नये म्हणून घेतात ती डायमॉक्स गोळी घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारा.

सरावासाठी सेमिनरी हिल आठवड्यातून दोनदा. महिन्यातून एकदा सामान लादून परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढा, आणि सहाही जण एकत्रच. कोण कुठे दमतो हे तिथेच कळतं.

ग्रुपमध्ये मला सर्वात जास्त भीती वाटते ती डोकेदुखी लपवणाऱ्याची. ‘माझ्यामुळे सगळे थांबतील’ म्हणून तो गप्प बसतो. निघण्याआधीच ठरवा: डोकं दुखून मळमळलं की त्या दिवशी वर जायचं नाही. तोल जात असेल किंवा बसल्याजागी धाप लागत असेल तर रात्र असली तरी लगेच खाली उतरवायचं, सोबत एक जण द्यायचा.

ब्रेक पॅडचे जादा जोड घ्या, उतार लांबलचक आहेत.