रिफायनरी जोरात चालू आहे, मग बडोद्यातल्या डिझाइन ऑफिसातून माणसं का काढतायत? नवऱ्याने आधीच दुसरी नोकरी शोधावी का?

मी अशाच एका ऑफिसात पाइपिंगला होतो. २०१६ साली मलाही घरी बसवलं.

बडोद्याजवळची कोयलीची रिफायनरी १९६५पासून चालू आहे. क्रूड, म्हणजे कच्चं तेल, पिंपाला शंभर डॉलर असो की तीस, पेट्रोल लोकांना लागतंच. पण आमच्या टेबलावरची ड्रॉइंग कोयलीची नव्हतीच. आखातातल्या गॅस प्रकल्पांची होती. जून २०१४मध्ये ब्रेंट (ज्यावरून जगभर क्रूडचा भाव धरतात ते तेल) ११५ डॉलरच्या आसपास, जानेवारी २०१६मध्ये तीसच्याही खाली. विहीरच खणायची नाही म्हटल्यावर तिच्या पाइपांचं ड्रॉइंग कोण मागणार? तेलविहिरींची कामं करणाऱ्या श्लंबर्जर कंपनीने तर एप्रिल २०१५पर्यंतच २०,००० माणसं कमी करायचं जाहीर केलं होतं.

आता मात्र भाव तितका पडलेला नसतानाही कपात होते. शेव्हरॉन या अमेरिकन तेल कंपनीने २०२५मध्ये १५ ते २० टक्के माणसं कमी करायचं ठरवलं, आणि त्याआधीच्या वर्षी बेंगळुरूच्या केंद्रात १ अब्ज डॉलर घालायचं. म्हणजे काम इकडे येतंय, पण बडोद्यात येईलच असं नाही.

आमच्याकडे आधी ओव्हरटाइम बंद झाला. मग एजन्सीचे ड्राफ्ट्समन गेले, एका शुक्रवारी आठ खुर्च्या रिकाम्या. मग माझ्या टाइमशीटवर प्रोजेक्ट नंबरच्या जागी 'जनरल' लिहायला सांगितलं, म्हणजे माझ्या नावावर कुठल्याच प्रोजेक्टचं काम उरलं नव्हतं. सात आठवडे! आणि मी येडा, काम कमी आहे म्हणून खुशीत सेव-उसळ खायला बाहेर जात होतो. आठव्या आठवड्यात एचआरने राजीनाम्याचा कागद टाइप करूनच पुढे ठेवला: "स्वतःहून गेलात तर बरं दिसेल." मी जागच्या जागी सही केली. त्यांना ही चूक करू देऊ नका. नोटिशीचे पैसे, शिल्लक रजा, पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, सगळे आकडे आधी लेखी घ्या, सही नंतर. आणि घरचा मेडिक्लेम आत्ताच वेगळा काढा. कंपनीचा नोकरीबरोबर जातो, हे मला बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी कळलं.

पुढे मी रिफायनऱ्यांच्या शटडाउनची, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीची, कामं धरली. पगार कमी, ऊन जास्त, पण ती कामं भावावर अडत नाहीत. बडोद्याच्या दांडिया बाजारात आई सांगायची, "तो हल्ली साइटवर असतो."

लगेच राजीनामा नको, बायोडेटा मात्र आजच बाहेर पडू दे. आणि रात्री जेवताना त्यांना विचारा, टाइमशीटवर सध्या कुठला नंबर टाकताय, आणि ते काम मार्चनंतर उरणार आहे का.